रेडिओच्या बायकोचा कॅमेरा

अवेळी आलेला पाऊस अकरा दिवस पडला आणि वाळायला घातलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल झाला. ताडपत्र्या घातल्या होत्या, पण वाऱ्याने त्या उलटून टाकल्या. विटांच्या रांगा आधी कडांनी गोल झाल्या, मग एकमेकींवर बसल्या, आणि शेवटी वीट कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते कळेना. मालक छत्री घेऊन आला, काठावर उभा राहून बघितलं, "जमीन वाळेपर्यंत काम बंद" म्हणाला आणि गेला.

भट्टीला लागून कामगारांच्या खोल्यांची रांग होती. शेवटच्या खोलीत रेडिओ राहायचा, त्याची बायको आणि त्याची आई. भट्टी लावायचं काम रेडिओचं. कोळसा कुठे, किती, आग कधी वाढवायची, कधी कोंडायची, हे तो धुराच्या रंगावरून सांगायचा. आणि हे करताना दिवसभर गायचा, म्हणून रेडिओ. जन्माचं नाव दुसरं होतं, पण आता आईसुद्धा "बंद कर रे तो रेडिओ" असंच म्हणायची.

बायको विटा थापायची. दोरी न लावता तिची रांग सरळ जायची. एखादी वीट बोटभर तिरकी असली तरी तिला दुरून टोचायची, आणि ती उठून नीट करेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. असा डोळा असलेल्या बाईच्या हातात फोन आला. रेडिओने तो स्वतःसाठी घेतला होता, गाणी म्हणून लोकांना दाखवायला. पण फोनमध्ये चित्र कापायचं कसं, जोडायचं कसं, गाणं वेगळं आणि चित्र वेगळं घेऊन एकावर एक बसवायचं कसं, हे तीच बघून बघून शिकली. रेडिओ फक्त गायचा.

काम बंद पडल्यावर दोघांनी खोलीत गाण्याचा व्हिडिओ करायचा ठरवला. वर पत्रा, त्यामुळे पाऊस थांबला की तेवढ्यात आवाज घ्यायचा. खोलीत आवाज घुमू नये म्हणून दोन भिंतींवर रजया टांगल्या. इअरफोनच्या माइकवर जुना मोजा चढवला. नऊ पक्क्या विटा एकावर एक ठेवून त्यावर फोन रबराने बांधला. दारातून येणारा उजेड रेडिओच्या तोंडावर पडावा म्हणून आई खाटेवर बसून पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून धरायची.

रेडिओने केसांना तेल लावलं, लग्नातला शर्ट घातला आणि सुरू केलं, "तुझ्या नादानं झालो मी वेडा, मनाला माझ्या पडला गं तिढा."

"कॅमेऱ्याकडे बघू नका," बायको म्हणाली.

"मग कुठे बघू?"

"जिला म्हणताय तिच्याकडे."

"ती कुठेय?"

"गाणं ऐकलं आणि गेली," आई म्हणाली. "हात भरून आले माझे. लवकर आटपा."

सोळा वेळा केलं. सोळाही वेळा रेडिओने कॅमेऱ्याकडेच बघितलं. त्याला बघावंसंच वाटायचं. पलीकडे लोक आहेत, हजारो, असं त्याला त्या काळ्या ठिपक्यात दिसायचं. शेवटी बायकोने जमेल तसं जोडून व्हिडिओ नेटवर टाकला. दोन दिवसांत दोनशे बारा लोकांनी बघितला.

"दोनशे बारा!" रेडिओ म्हणाला.

"त्यातले दोनशे तूच," आई म्हणाली.

पण रेडिओ खूश होता. तोंड धुताना तो पाण्यात स्वतःकडे बघून भुवई उडवायचा.

ड्रायव्हर रस्त्यापलीकडे राहायचा, म्हाताऱ्या आईबरोबर. भट्टीच्या विटा त्याच्याच ट्रकमधून जायच्या. रेडिओपेक्षा चार वर्षांनी लहान, त्याला दादा म्हणायचा. काम बंद म्हणून त्याचाही ट्रक उभा होता. पाऊस उघडल्यावर एक दिवस तो भट्टी कधी सुरू होणार विचारायला आला आणि जाताना ट्रकच्या चाकांत हवा आहे का ते बघत होता. लोखंडी कांब घेऊन एकेका चाकावर मारायची, आवाजावरून हवा ओळखायची. मारता मारता तो काहीतरी गुणगुणत होता. बायको दारात कपडे पिळत होती, ती थांबली.

"भाऊजी, काय म्हणताय ते?"

"काही नाही वहिनी. असंच. गाडी चालवताना म्हणतो."

"परत म्हणा. आणि चाकावर मारत मारत म्हणा."

तो लाजला. मग म्हणाला, "रस्ता म्हणतो थांब जरा, चाक म्हणतं चल. घर म्हणतं आलास का, दार म्हणतं ढकल."

आवाज काही मोठा नव्हता. रेडिओ आतून ऐकत होता, त्याला वाटलं, याच्या गळ्यात तर निम्मा घोगरा वारा आहे. म्हणून बायको म्हणाली, "याचा व्हिडिओ करू या," तेव्हा तो मोठ्या मनाने म्हणाला, "कर की. बिचाऱ्याला हौस असेल." एवढंच नाही, व्हिडिओ काढायला दोन दुपारी लागल्या, त्या दोन्ही दुपारी चादर त्यानेच धरली.

कपडे बदलू नका, ती ड्रायव्हरला म्हणाली. तुम्ही जे करता तेच करा. ड्रायव्हरने काच पुसली, इंजिनात पाणी भरलं, चाकांवर कांब मारली. तो कॅमेऱ्याकडे बघायला विसरला, कारण बघण्यासारखं त्याच्यापुढे काम होतं. बायको कधी टपावर, कधी चिखलात गुडघे टेकून, कधी ट्रकखाली पाठीवर पडून. चाकावरच्या कांबेचे ठोके तिने वेगळे घेतले आणि तोच गाण्याचा ठेका केला. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ तयार झाला. तिघे खाटेवर बसून बघायला लागले, आई मागून वाकून.

रेडिओने आधी ठोके ऐकले. मग काचेवरून ओघळणारं पाणी आणि पाण्यापलीकडे एक चेहरा, आधी धूसर, मग पुसत पुसत स्पष्ट होत येणारा. मग ड्रायव्हरचे हात. काळी पडलेली नखं, अंगठ्यावरचा जुना व्रण, फडकं पिळताना मनगटावर उठलेली शीर. त्या हातांवर चित्र थांबलं होतं. खूप वेळ. गाण्याची एक अख्खी ओळ होऊन गेली तरी ते हातांवरून हललं नाही.

ते चित्र घेताना रेडिओ तिथेच होता, चादर धरून, चार हात अंतरावर. त्याला नुसता ड्रायव्हर दिसला होता. बायकोला हे दिसत होतं.

"अगं, हा तर माणसात आला की," आई म्हणाली. ड्रायव्हर हसला, त्याचे कान लाल झाले होते.

आठवड्यात चाळीस हजार लोकांनी तो बघितला. चहाच्या टपरीवर तो वाजायचा. मालकाने फोनवर दाखवला, "बघ, आपला ट्रक." एक दिवस टपरीवर दोन अनोळखी माणसं ड्रायव्हरला ओळखून उठून उभी राहिली आणि त्यांच्यातल्या एकाने रेडिओकडे बघून विचारलं, "हे कोण? कॅमेरावाले का?"

"नाही, नाही," ड्रायव्हर म्हणाला. "कॅमेरा वहिनींचा. दादा गातो. फार छान गातो."

तो मनापासून म्हणाला आणि तेच रेडिओला जास्त लागलं.

जमीन वाळली आणि काम सुरू झालं. आधी सगळा चिखल फावड्याने ओढून एका ठिकाणी आणायचा, त्यात पाणी सोडायचं, पायांनी तुडवायचा, गोळे करायचे. भट्टी लावायला अवकाश होता म्हणून रेडिओही चिखल तुडवायला लागला. मांड्या भरून यायच्या. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या. तो गात नव्हता. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, तिसऱ्या दिवशी पलीकडून एक थापणारी ओरडली, "काय रे, सेल संपले का?" सगळे हसले.

त्या दुपारी बायको साच्यात माती दाबत होती, तिच्यापुढे गोळा टाकून तो उभाच राहिला.

"माझा व्हिडिओ तू असा का नाही केलास?"

"कसा?"

"त्याच्यासारखा. हातबित."

तिने साचा उचलला. दोन विटा सुटून जमिनीवर बसल्या. "तुम्ही हात दिलेत कुठे? तोंडच पुढे करता."

"त्याच्या हातांत काय आहे एवढं?"

"काही नाही. हात आहेत."

"माझ्याकडे असं कधी बघितलं नाहीस तू. लग्नाला नऊ वर्षं झाली."

ती पहिल्यांदा वर बघून हसली, थट्टा आहे असं समजून. मग त्याचा चेहरा बघून हसू आवरलं. "अहो, काहीतरीच काय? त्याच्याकडे बघायला सोपं आहे. मी बघतेय हे त्याला माहीत नसतं. तुमच्याकडे बघायला लागलं की तुम्ही लगेच माझ्याकडे बघता, आवडतंय का म्हणून."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे त्याला ते खोडताही येईना आणि सहनही होईना. तो परत चिखलात उतरला.

वाईट काही नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तिचं वागणं सरळ होतं. संशय घ्यावा तर पकडायला काहीच नव्हतं, आणि संशय असता तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं. भांडता तरी आलं असतं. चोरी झालीच नव्हती आणि तरी त्याचं काहीतरी गेलं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरच्या घरी दुसरं गाणं करायचं ठरलं. हे गाणं त्याच्या आईचं. शब्द नव्हतेच, नुसती एक चाल. शेंगा सोलताना म्हातारी ती गुणगुणायची, तिच्याही आईकडून आलेली. ड्रायव्हर त्याला शब्द लावणार होता. रेडिओ बरोबर गेला. घरी बसला असता तर जास्त जळला असता.

म्हातारीला उंबऱ्याशी खुर्चीवर बसवलं, पुढ्यात शेंगांची परात. तिला आधी काही कळेना. "माझा कशाला फोटो? माझे दात बघ." मग सोलता सोलता विसरली आणि गुणगुणायला लागली. पातळ, थरथरता आवाज, पण चाल पक्की. मध्येच तिला आपलंच हसू आलं, चाल तुटली, "मेल्या, ऐकतोयस काय असा?" म्हणून तिने लेकाला शेंग फेकून मारली, आणि जिथे तुटली होती तिथूनच चाल परत उचलली. ड्रायव्हर तिच्या पायाशी बसला होता. बायको त्याच्या खांद्याशी गुडघ्यावर, फोन छातीशी धरून, श्वाससुद्धा हळू घेत. तिच्या तोंडावर असं काहीतरी होतं की रेडिओने चादर धरल्या धरल्या मान दुसरीकडे फिरवली.

परतताना ती म्हणाली, "आज जे मिळालं ना, ते परत मिळणार नाही." ती रस्त्यावरून जवळजवळ उड्या मारत चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाणी प्यायला खोलीवर आला. बायको थापायला बसलेली, आई शेजारी गेलेली. फोन खिडकीत चार्जिंगला होता. त्याने ओले हात शर्टाला पुसले. फक्त बघायचं होतं. पहिलं चित्र उघडलं तर म्हातारी हसत होती. दुसऱ्यात ड्रायव्हर आईकडे वर बघत होता, आणि पुन्हा तसंच, चित्र त्याच्या मानेवर, कानाच्या पाळीवर, खांद्याच्या घडीवर थांबलेलं. रेडिओने सगळी निवडली. एकवीस होती. पुसली. पुसलेलं जिथे जाऊन पडतं ती जागा त्याला माहीत होती, तिथे जाऊन पुन्हा पुसली. मग फोन होता तसा ठेवला, तांब्याभर पाणी प्यायला आणि कामावर गेला. पाय हलके झाले होते. त्या दुपारी तो गायला. बायकोने लांबून ऐकलं आणि तिला बरं वाटलं.

संध्याकाळी तिने फोन उघडला. बराच वेळ ती खाली-वर बोट फिरवत राहिली.

"अहो, कालचं काहीच नाही यात."

"फोन भरला असेल. आपोआप जातं कधी कधी."

ती रडली नाही. फोन मांडीवर उलटा ठेवून बसली. आई म्हणाली, "जाऊ दे गं. म्हातारी कुठे पळून जातेय? परत काढ."

"परत काढू," बायको म्हणाली. "पुढच्या सुट्टीला."

तीन दिवस रेडिओ सुखात होता. बायकोच्या ताटात स्वतःहून वाढायचा. तिला म्हणाला, माझं एक नवीन गाणं करू, तू सांगशील तिकडे बघतो.

चौथ्या दिवशी ट्रक आला नाही. ड्रायव्हरची आई सकाळी नळावर उभ्या उभ्याच खाली कोसळली होती. अर्धं अंग गेलं. दवाखान्यात नऊ दिवस ठेवली. घरी आणली तेव्हा उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं, आणि बोलणं गेलं होतं. कळायचं सगळं. डोळ्यांनी बघायची. पण तोंडातून हवा यायची नुसती.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर खोलीच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. आत ये म्हटलं तरी येईना.

"वहिनी, ते व्हिडिओचं राहू दे. गाणंबिणं काही नको. फक्त आईचं ते, शेंगा सोलतानाचं. आवाज आहे ना तिचा त्यात. मला फोनमध्ये द्या. दुसरं कुठे नाहीये. आम्ही कधी काढलाच नाही."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "भाऊजी," ती म्हणाली आणि थांबली. "फोनने काहीतरी गोंधळ केलाय. मी दुकानात दाखवून आणते. असेल कुठेतरी."

"असेल ना?"

"आणते मी."

रेडिओ आत भिंतीकडे तोंड करून पायांच्या भेगांना मलम लावत होता. एकाच भेगेला तो कितीतरी वेळ लावत राहिला.

दुकान बाजाराच्या टोकाला होतं. रेडिओ तिच्याबरोबर गेला, नाही म्हणायला कारण सुचेना. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं, तार जोडली, स्क्रीनवर काहीबाही बघितलं आणि मान हलवली.

"नाही मिळायचं. त्यानंतर तुम्ही बरंच काढलंय, त्याच्यावर बसलं ते."

"आपोआप कसं गेलं पण?" तिने विचारलं.

"आपोआप नाही जात, ताई. पुसायचं म्हटलं की फोन विचारतो, नक्की का? हो म्हटलं तरी महिनाभर बाजूला ठेवतो. तिथून काढायचं तर परत विचारतो, नक्की का? कुणीतरी दोनदा हो म्हटलंय."

तिने फोन घेतला. आभार मानले. बाहेर पडून ती पुढे आणि रेडिओ मागे असे दोघे चालत राहिले. बाजार संपला, मग पूल, मग भट्टीच्या राखेचा रस्ता. तिने मागे वळून बघितलं नाही. खोलीच्या दाराशी पोचल्यावर म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना. मी सांगणार नाही, आणि खोटंही बोलणार नाही."

"मी मुद्दाम आईचं म्हणून नाही गं—"

"मला नका सांगू."

जेवताना ती रेडिओकडे पाठ करून बसली. आईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग ताट सरकवून म्हणाली, "उद्या मी मेले तर माझाही आवाज कुठे नाही. दिवसभर शिव्या देते, एकही कुणी ठेवलेली नाही." तिला काही माहीत नव्हतं. रेडिओचा घास तोंडात फिरत राहिला.

सकाळी ट्रक भट्टीला लागला होता. जुन्या, पावसाआधी भाजलेल्या विटा भरायच्या होत्या. हमालांची ओळ लागली होती, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात चार-चार विटा. ड्रायव्हर वर उभा राहून रचत होता. रेडिओ ओळीत शेवटी घुसला, त्याच्या हाताखाली. पन्नासेक विटा वर दिल्या. मग हमाल पाणी प्यायला गेले आणि ड्रायव्हर ट्रकच्या हौद्याच्या कडेवर बसला.

"मिळालं का रे दादा?"

"नाही मिळणार." रेडिओच्या हाताला विटेची लाल भुकटी लागली होती, ती तो चोळत राहिला. "फोनने नाही पुसलं. मी पुसलं."

ड्रायव्हरला कळलं नाही. "चुकून?"

इथे हो म्हणता आलं असतं. रेडिओला ते शब्द अगदी जिभेवर आलेले जाणवले. "चुकून नाही," तो म्हणाला.

"मग कशाला?"

"जळलो."

"कशावर? माझ्या आईवर?"

"तुझ्यावर. ती तुला असं काढते, म्हणून. हात, मान. मला कधी असं काढलं नाही."

ड्रायव्हर खाली त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात वीट होती. रेडिओला वाटलं आता येईल डोक्यात, आणि तो सरकला नाही. पण ड्रायव्हरने ती वीट बाजूला ठेवली, रांगेत, नीट.

"फोन बिघडला म्हणाला असतास तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "फोनचा राग किती दिवस येतो? आता रोज इथेच ट्रक लावायचाय मला."

हमाल परत आले. त्यानंतर ड्रायव्हर रेडिओशी बोलला नाही. महिनाभर. विटा द्यायच्या, घ्यायच्या, बस. भट्टी लागली, पहिला धूर निघाला, रेडिओ धुराच्या रंगावर नजर ठेवून बसायचा आणि गायचा नाही. आता कुणी सेल संपले का म्हणून विचारत नव्हतं. रेडिओच्या मनातला राग अजून पुरता गेला नव्हता, हीच मोठी लाज होती. बायको रोज काम उरकून रस्त्यापलीकडे जायची, म्हातारीला आंघोळ घालायला, केस विंचरायला. ती निघाली की तो जळायचाच. एवढं करूनही जळायचा. त्याला स्वतःची किळस यायची, आणि तरी ती परत येईपर्यंत तो दाराकडे कान लावून असायचा.

एका दुपारी ती मधूनच परत आली. "चला."

"कुठे?"

"मावशींना काढतेय. आहेत तशा. भाऊजी म्हणाले, आहे ते तरी ठेवू. त्या खुर्चीत बसल्या की एका बाजूला कलतात. उशा लावल्या तर घसरतात. मागून धरायला माणूस पाहिजे. भाऊजी समोर बसले तरच त्या समोर बघतात, त्यामुळे त्यांना उठता येत नाही."

"त्याला चालेल?"

"विचारलं नाही मी."

ड्रायव्हरने रेडिओला दारातून येताना बघितलं आणि नजर आईकडे वळवली. म्हातारी खुर्चीत उजव्या बाजूला झुकली होती. तिने रेडिओला ओळखलं, अर्ध्या तोंडाने काहीतरी हललं. तिला तरी कुणी सांगितलं नव्हतं. रेडिओ खुर्चीमागे गेला. खुर्चीच्या पाठीला दोन पट्ट्या होत्या, मधल्या फटीतून हात घालून त्याने तिच्या पाठीवर तळवा टेकला आणि तिला सरळ केलं. पाठ म्हणजे नुसती हाडं, गरम, कापडाखाली मणका मणका लागत होता.

बायकोने फोन उचलला, बघितला. "तुम्ही दिसताय. खाली व्हा."

तो उकिडवा बसला.

"अजून दिसताय. डोकं."

त्याने कपाळ खुर्चीच्या पायाला टेकवलं. आता त्याला फरशी दिसत होती आणि म्हातारीच्या चपला. ड्रायव्हरने चाल धरली, त्याच घोगऱ्या आवाजात, शब्दांशिवाय. रेडिओचा हात भरून येऊ लागला. खांद्यापासून कळ निघाली. बायको कुठे बघतेय ते त्याला दिसत नव्हतं, पण माहीत होतं. आत्ता हातांवर असेल. आत्ता मानेवर. जळत होतं. तो हात हलू देत नव्हता.

आणि मग तळव्याला काहीतरी लागलं. आधी त्याला वाटलं आपलाच हात थरथरतोय. पण ते पाठीच्या आतून येत होतं, बारीक, एका लयीत, थांबत, पुन्हा येत. ड्रायव्हर ओळ वर नेत होता तिथे ते वर जात होतं. जिथे तो श्वास घ्यायला थांबायचा तिथे ते एकटंच थोडं पुढे जायचं.

गाणं संपलं. बायकोने फोन कानाला लावून ऐकला आणि हळूच म्हणाली, "तुमचाच आवाज आलाय, भाऊजी. मावशींचा नाही."

"कसा येईल?" ड्रायव्हर म्हणाला. "बोलणंच गेलं तिचं."

रेडिओ खालूनच म्हणाला, "त्या म्हणतायत."

बायकोने फोन कानावरून खाली घेतला.

"तोंडाने नाही. पाठीत आहे. अजून चालू आहे."

ड्रायव्हर उठला. खुर्चीला वळसा घालून मागे आला. महिनाभरात पहिल्यांदा त्याने रेडिओच्या तोंडाकडे नीट बघितलं, खोटं बोलतोय का म्हणून. मग गुडघ्यावर बसला.

"कुठे?"

"इथे. थोडं डावीकडे."

"सरक," ड्रायव्हर म्हणाला.

रेडिओने आपला तळवा सरकवला आणि त्या जागी ड्रायव्हरने आपला ठेवला. म्हातारीचा तोल जाऊ नये म्हणून क्षणभर दोघांचे हात त्या फटीत एकमेकांवर होते. मग रेडिओने हळूच आपला काढून घेतला आणि भिंतीला टेकून बसला. ड्रायव्हरने डोळे मिटले होते. बायको फोन घेऊन वाकून जवळ येत होती, त्या हाताकडे, आणि रेडिओ चित्रात येऊ नये म्हणून पाय पोटाशी घेऊन आणखी कोपऱ्यात सरकला.